तुळई पुण्याला जाते

नगर जिल्ह्यात कोणी जुनं घर पाडायला काढलं, की ती बातमी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आधी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला कळते. कशी कळते ते विचारू नये. अजून ग्रामपंचायतीत अर्ज गेलेला नसतो, इंजिनिअरनं नकाशाचे पैसे सांगितलेले नसतात, धाकट्या चुलत्यानं हरकत घ्यायची ठरवलेली असते पण घेतलेली नसते. तेवढ्यात हा गृहस्थ मोटारसायकल ओट्याला टेकवून अंगणात हजर. पांढरा सदरा, खिशात टेप, आणि चेहऱ्यावर मयताला आल्यासारखा भाव. तो कुणाकडं बघत नाही, वर बघतो. चहा येईपर्यंत बोलत नाही. चहा आला, की बशीत ओतता ओतता पहिलं वाक्य टाकतो, "मालक, वाळवी लागलीया."

वाळवी लागलेली नसते. सागाच्या गाभ्यात मुळातच असं काही तेलकट द्रव्य असतं, की वाळवी तोंड लावून परत फिरते. हे त्याला ठाऊक असतं, मालकाला नसतं, आणि सगळा धंदा तेवढ्या फटीत चालतो. मग तो शिडी मागवतो. तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक करतो, कान लावतो, नखानं एक ओरखडा काढून हुंगतो. त्या वासानं त्याचे डोळे चमकतात, पण तोंडानं तो "हं" एवढंच म्हणतो. मग खिशातून लोहचुंबक निघतं. ते कुठं चिकटलं, की घरातल्या लहानथोर सगळ्यांना दिसेल अशा बेतानं तो हात बाजूला घेतो. "खिळे हायेत. सॉ मिलवाला पट्टा लावायचा न्हाई."

यानंतर कपातीचा कार्यक्रम. मोजमापाचं सूत्र तसं साधं आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत; तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागलं की घनफूट निघतात. बारा फुटी, आठ बाय आठची तुळई म्हणजे सव्वापाच घनफुटांच्या किंचित वर. पण हा आकडा कागदावर उतरायच्या आत त्याला गळती लागते. भिंतीत रुतलेली दोन्ही टोकं ओलीनं कुजली, म्हणून लांबीतून फूट-दीड फूट गेला. (हे मात्र पुष्कळदा खरं असतं. मातीच्या भिंतीत पाणी मुरतं आणि तुळई बहुधा टोकाकडूनच जाते.) सरे, म्हणजे छताची आडवी लाकडं, बसवायला पाडलेल्या खाचा आहेत, तेवढं लाकूड वजा. खिळ्यांची भोकं आहेत, वजा. तीन पिढ्यांच्या चुलीच्या धुरानं काळी पडली, तर घासायची मजुरी वजा. शेवटी जो आकडा उरतो त्याच्याकडं बघून मालकाची खात्री पटते, की आपल्या आज्यानं हे घर खाचा, भोकं आणि काजळी यांवरच उभारलं होतं. लाकूड त्यात नावापुरतं घातलं होतं.

"घेऊन जा बाबा एकदाची," मालक म्हणतो.

तिथून तुळईचं भाग्य उजळतं. टेम्पो केडगाव, सुपा करत शिरूरजवळ येतो आणि घोड नदीचा पूल ओलांडतो. नदीच्या अलीकडं आमचा जिल्हा, पलीकडं पुणे. या पुलाला काय गुण आहे कोण जाणे, अलीकडं वजा झालेली प्रत्येक गोष्ट पलीकडं अधिक होते. रांजणगावच्या महागणपतीला हात जोडून वाघोलीत शिरेपर्यंत तुळईची चाल बदललेली असते. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात, आणि नशीब फारच जोरावर असलं तर मुंबईला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात ती उतरते. तिथं तिला बघायला इंटिरिअर डिझायनर येतात. खाच बघून ते हरखतात, म्हणून खाचेचे जादा. खिळ्याचं भोक खरं, हातानं ठोकलेल्या खिळ्याचं, म्हणून भोकाचे जादा. काजळीला तर वेगळाच दर, कारण ती आता पटिना झालेली असते. आणि वाळवीनं खरोखरच कुठं एखादी नागमोडी रेघ ओढली असेल, तर त्या भागावर काच बसवून आतून दिवा सोडतात. नगरला ज्या ज्या गोष्टींचे पैसे कापले, त्या त्या गोष्टींचे पैसे पुण्यात मोजून घेतले जातात. फुकट मिळतं ते फक्त लाकूड.

पुढचा अंक खराडीला किंवा हिंजवडीला होतो. मालकाचा मुलगा तिथं नोकरीला असतो. त्यानं हौसेनं एक सेंटर टेबल घेतलेलं असतं, हप्त्यांवर. वडील गावाहून येतात, सोफ्यावर बसतात, टेबलावर पाय ठेवायला जातात तेव्हा सून दचकते. मग ते वाकून बघतात, खाचेवरून बोट फिरवतात आणि मुलाला विचारतात, "काय रे, ह्याच्यावर आपल्या गोठ्याचे सरे नव्हते का?" मुलगा सांगतो, की छे, हे राजस्थानातल्या हवेलीचं आहे, सोबत प्रमाणपत्र दिलंय. वडील प्रमाणपत्र वाचतात. त्यावर हवेली असते, गोठा नसतो.

आमच्याकडं सागाला एवढा मान का, ते समजून घ्यायचं तर जिल्ह्याकडं पावसाच्या बाजूनं बघावं लागतं. नगरचा पाऊस पडतो अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला, आणि टँकर फिरतात पाथर्डी-जामखेडला. सह्याद्रीचा तो पश्चिमेचा कोपरा सोडला, तर बाकीचा जिल्हा पर्जन्यछायेत. इथल्या माळावर आपसूक येतात ती बाभूळ, बोर, हिवर आणि कडुनिंब. सरळसोट, पंधरा-वीस फूट एकसंध निघेल असं सागाचं खोड बाहेरून आणायचं, म्हणजे पैसेवाल्याचं काम. मलिक अहमद निजामशहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस शहर वसवलं. त्याच्या घराण्यानं महाल-मशिदी बांधल्या त्या दगडात नि चुन्यात. रयतेनं माती आणि बाभळीवर भागवलं. जिल्ह्यातला सगळ्यात मानाचा खांब नेवाशाला आहे, ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले तो पैसाचा खांब. तोही दगडी आहे, म्हणून जागेवर राहिला असावा.

रयतेचं घर म्हणजे माळवदाचं, धाब्याचं. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर लाकडी कामट्यांचं किलचन, त्यावर पाला अंथरायचा आणि वर पांढऱ्या मातीचा चांगला हात-दीड हात थर चोपायचा. उन्हाळ्यात आत गारवा, पावसाळ्यात आत पाऊस. त्या मातीचं एवढं ओझं खालच्या लाकडानं जन्मभर डोक्यावर घ्यायचं. गरिबाच्या घरी हे ओझं लिंबाच्या वेड्यावाकड्या खोडावर असे, पाटलाच्या वाड्यात सागावर. वाड्यात किलचनाच्या जागी सरळ फळ्या, त्याला कडीपाट म्हणायचं. सोयरीक जमवताना पोरीचा बाप मुलाच्या शिक्षणाआधी छताकडं बघायचा. कडीपाट असला, की मुलगा आपोआप हुशार ठरायचा. पुढं जमाना स्लॅबचा आला. स्लॅबकडं बघून कुणाची ऐपत कळत नाही, म्हणून मग पीओपी आलं.

लाकडाची किंमत मागाहून कळायची रीत आमचीच नव्हे, त्यासाठी आता थोडं विलायतेकडं वळू. तिकडं एल्म नावाचं झाड आहे. आहे म्हणजे बहुतांशी होतं. त्याच्या लाकडाचे धागे एकमेकांत असे गुंतलेले, की कुऱ्हाडीनं ते उभं फाटता फाटत नाही. त्यामुळं गाडीच्या चाकाचा मधला तुंबा, ज्यात चहूबाजूंनी आरे ठोकून बसवायचे, तो तिकडचे सुतार एल्मचा करत. आरे ओकचे, बाहेरचे पुठ्ठे ॲशचे. विंडसर खुर्चीची बैठक एल्मची, कारण पाय ठोकले तरी चिरत नाही. पाण्यात कायम बुडून राहिलं तर हे लाकूड दीर्घकाळ टिकतं, म्हणून सतराव्या शतकात लंडनला पाणी पुरवणारे नळसुद्धा एल्मची खोडं पोखरून केलेले होते. एवढी कामं करूनही एल्मला समाजात प्रतिष्ठा नव्हती. मान सगळा ओकला. एल्मची फळी मुख्यतः आठवायची ती शवपेटी करायच्या वेळी.

मग रोग आला. सालीत राहणारा एक भुंगा बुरशी घेऊन या झाडावरून त्या झाडावर जातो आणि झाड आतल्या आत तहानेनं मरतं. या रोगाला डच एल्म रोग म्हणतात. डचांनी तो पसरवला नाही, त्यांच्या शास्त्रज्ञांनी तो 1920 च्या दशकात अभ्यासून ओळखला, एवढाच त्यांचा गुन्हा. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्याची दुसरी, जास्त जहाल साथ सुरू झाली आणि अडीच कोटींच्या वर झाडं गेली. झाडं गेल्यावर साहेबाला लाकडाचा पोत दिसायला लागला. जुन्या धान्यकोठारांच्या भिंतींना ठोकलेल्या एल्मच्या फळ्या लोक उखडून आणू लागले. तिकडं उत्तर चीनमध्ये जुनी घरं पाडली जातात, त्यांच्या एल्मच्या तुळया आणि दारं घासूनपुसून युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत जातात. झाड जिवंत असताना ज्या फळीत माणसाला पुरलं, झाड मेल्यावर त्याच फळीवर माणसं जेवायला बसली.

या एल्मचं एक चुलत भावंड आपल्याकडं आहे, वावळा. पुस्तकांत त्याला इंडियन एल्म म्हणतात. बांधावर, ओढ्याकाठी, देवळामागं कुठंही दिसेल. उन्हाळ्यात पापुद्र्याची गोल गोल फळं वाऱ्यावर उडतात, पोरं ती फोडून आतली बी खातात. पाला चुरगळला तर असा वास सुटतो, की झाडाखाली प्रेम करायला कुणी बसत नाही. लाकूड पिवळट पांढरं, हत्याराला मऊ, पण झटपट वाळवलं नाही तर डागाळतं आणि किडतं. खोकी, खेळणी, हलकंसलकं फर्निचर यापलीकडं त्याची मजल नाही. आमच्या मिस्त्रींना एकदा मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की मिस्त्री, ह्या वावळ्याला इंग्रजीत इंडियन एल्म म्हणतात. रंधा थांबवून ते म्हणाले, "म्हनंनात. किड्याला इंग्रजी येतं का?"

विलायतेतल्या एल्मचं काम आमच्याकडं बाभूळ करते. बैलगाडीचा तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, पुठ्ठे बाभळीचे, आणि वर लोहारानं तापवून चढवलेली लोखंडी धाव. कापलेलं लाकूड सुतार महिनोन्‌महिने ओढ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवायचे, म्हणजे त्यातला किडीला आवडणारा अंश निघून जातो आणि मग ते लोखंडाशी बरोबरी करतं. अशा चाकांवर नगरचा कांदा, ज्वारी आणि ऊस वाहिला गेला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा उसाच्या गाड्यांची रांग याच चाकांची होती. पुढं टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला, आणि लाकडी चाकं बेकार झाली.

बेकार झाली म्हणजे हॉटेलात लागली. नगर-पुणे रस्त्यावर, शिर्डीच्या रस्त्यावर कुठल्याही 'अस्सल गावरान' ढाब्यापुढं थांबा, दाराशी बैलगाडीचं चाक उभं असतंच. त्याला वार्निश, मधे एलईडीची माळ. आत गेलं तर छताला टांगलेलं दुसरं चाक, त्याच्या आऱ्यांना दिवे. कणगी, सूप, जातं, मोटेचं चाक ही मंडळीही भिंतीवर असतात. जन्मभर मोट हाकलेला एखादा आजोबा नातवाच्या वाढदिवसाला तिथं येतो, आणि जेवणाची वाट बघताना डोक्यावरच्या चाकाकडं अविश्वासानं बघत राहतो. त्याची काळजी वेगळीच असते. धाव ढिली झालेली त्याला खालूनच दिसते, आणि आपण नेमके तिच्या खाली बसलोय हेही.

रेल्वेच्या स्लीपरांचंही असंच झालं. दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला तेव्हापासून आमच्या जिल्ह्याला रुळाखालच्या लाकडाची ओळख. आता सगळीकडं काँक्रीटचे स्लीपर आले आणि जुने लाकडी स्लीपर फार्महाऊसच्या पायऱ्या नि बागेतले बाक झाले. बागेत ठीक आहे. पण हे लाकूड कुजू नये म्हणून त्याला पुष्कळदा क्रिओसोट पाजलेलं असतं, डांबराच्या जातीचं विषारी प्रकरण. त्याचं जेवणाचं टेबल करू नये. तरी करणारे करतात, आणि दुपारच्या उन्हात पोळीला इंजिनचा वास येतो.

जुन्या लाकडावर प्रत्यक्ष काम करणं म्हणजे काय, ते आमच्या मिस्त्रींकडं बसल्याशिवाय कळत नाही. पिढीजात सुतार. त्यांच्या आज्याला गावातून बलुतं मिळायचं. सुगीला धान्य, वर्षभर नांगर-पाभर-कुळवाची कामं. आता गावात नांगर लोखंडी, दारं फायबरची, आणि फ्लॅटमधली कामं राजस्थानातून आलेल्या मिस्त्रींकडं. ते प्लायवूड, सनमायका आणि फेविकॉलवर चार दिवसांत कपाट उभं करतात. आमच्या मिस्त्रींना चार दिवस फळीकडं बघायलाच लागतात. ते फळी उन्हात तिरकी धरतात, एका डोळ्यानं तिच्या कडेवरून बघतात, उलटी करतात, पुन्हा बघतात. गिऱ्हाईक अस्वस्थ होतं. मिस्त्री बिडी पेटवतात.

बघण्यातच निम्मं काम असतं, हे मात्र खरं. खिळा कुठं आहे ते आधी शोधायचं. डोकं उडालेला खिळा वरून दिसत नाही; त्याच्याभोवती लाकूड काळंनिळं पडलेलं असतं, त्यावरून ओळखायचा. तो चुकला, की रंध्याच्या पात्याला दात पडतो आणि मिस्त्रींच्या तोंडून गिऱ्हाइकाच्या आज्याचा उद्धार होतो. सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळं हत्याराची धार तशीही लवकर जाते. पण वरची काळी कातडी एकदा निघाली, की रंध्याच्या तोंडातून सोनेरी भुगा उसळतो, जुन्या चामड्यासारखा वास सुटतो, आणि मिस्त्री थोडा वेळ कुणालाही शिव्या देत नाहीत.

अशा फळीचे गुण नव्या लाकडात नाहीत. ती उभ्या आयुष्यात इतके उन्हाळे-पावसाळे खाऊन बसलेली असते, की आता वाकायचं ते वाकून झालं, फुगायचं ते फुगून झालं. तिचं दार केलं तर आषाढात चौकटीत अडकून बसत नाही. नव्या लाकडाचं दार पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात बंद राहत नाही. जुना साग रानात सावकाश वाढलेला, त्याचे रेशे दाट. हल्लीचा साग लागवडीतला, खतापाण्यावर भरभर वाढवलेला, त्यात गाभा कमी आणि बाहेरची पांढरी जास्त. आणि किडा पहिल्यांदा पांढरीच खातो, त्याला मेन्यू कार्ड लागत नाही.

वखारीत विचारलं तर नवा सागही इथला नसतो. पूर्वी चंद्रपूर-बल्लारशाचा साग, डांगी साग, फार झालं तर बर्मा. म्यानमारनं एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. आता वखारवाले शेठ एकेका ओंडक्यावर टिचकी मारून सांगतात, हा घाना, हा इक्वेडोर, हा कोस्टारिका. ज्या माणसानं नगर-मनमाडच्या पलीकडं पाऊल टाकलं नाही, त्याच्या देवघराचं दार प्रशांत महासागराच्या किनाऱ्याहून आलेलं असतं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या आमच्या दोन नामांकित गावांनी कुऱ्हाडबंदी पाळली, झाडं वाढवली, जगभरचे लोक बघायला आले. तिथं झाडाला हात लावायचा नाही म्हटल्यावर जुन्या फळीची किंमत कशी वाढते, ते तिथल्या घरात नवा मांजरपाट करायला सांगून बघा. मांजरपाट म्हणजे कापड नव्हे, मांजराला बसायचा पाट. आमच्या मामींकडं आहे.

मामींचा विषय निघालाच आहे, तर मामांच्या फळीबद्दल सांगितलं पाहिजे. मराठी घरात एक तरी फळी अशी असते, जी कशाचीच नसते. मामांची फळी सात फूट लांब, दीड इंच जाडीची, अस्सल साग. जुन्या माळवदाच्या कडीपाटातली. माळ्यावर भिंतीला लागून उभी. मामी दर दिवाळीला विचारतात, "हिचं काय करायचं?" मामा दर दिवाळीला उत्तर देतात, "राहू दे, कामाला येईल." तिचा दिवाण करायचा ठरला होता, पण दिवाणाला एक फळी कमी पडते. शेल्फ करायचं ठरलं, पण शेल्फासाठी ती कापावी लागली असती, आणि "अशी फळी आता मिळंल का?" या प्रश्नापुढं बेत बारगळला. मामांच्या ओळखीच्या एका वास्तुवाल्यानं सांगितलं, की जुन्या घराचं लाकूड नव्या घरात वापरू नये, घराला जुनी दुखणी लागतात. तेव्हापासून ती वापरता येत नाही. ती विकताही येत नाही, कारण व्यापाऱ्यानं तिला वाळवी असल्याचं सांगितलं आणि मामांनी त्याला चहा अर्धा असताना उठवलं. सध्या तिच्यावर मामींच्या पापडाच्या वाळवणाला जागा मिळते, वर्षातून चार दिवस. मामा तेवढे चार दिवस फळीच्या जवळपास असतात.

खरं तर अशा निरुद्योगी फळीला मानाची जागा मिळायची तर शनिशिंगणापूर गाठावं. नेवासे तालुक्यातल्या या गावात घरांना दारं लावायची पद्धतच नव्हती. शनिदेवाचा पहारा असल्यावर कडी-कोयंडा कशाला? 2011 मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेनं तिथं शाखा काढली, तिच्या दाराला कुलूप नव्हतं म्हणून देशभर बातम्या आल्या. चोराची भीती नाही, पण कुत्र्याला शनिमाहात्म्य ठाऊक नसतं. म्हणून काही घरांत रात्री उंबऱ्याशी एक फळी आडवी लावून ठेवत. बिजागरी नाही, कडी नाही, नुसती टेकवलेली फळी. सुताराच्या दृष्टीनं गाव अगदीच बुडीत खात्यातलं. आमच्या मिस्त्रींची सासुरवाडी त्याच बाजूला आहे. हुंड्यात निदान एखादं चौकटीचं काम तरी मिळावं एवढीही तिथं सोय नव्हती, असं ते सांगतात. मिस्त्रीणबाई आत भांडी आपटतात.

मात्र लाकडाची खरी किंमत बाजारात ठरत नाही, वाटणीत ठरते. श्रीगोंद्याकडं आमच्या नात्यात दोन भाऊ आहेत. वडिलोपार्जित वाडा. वाटणी झाली, मधे विटांची भिंत आली. भांडी वाटली, बैल वाटले, आंब्याच्या झाडाचे फांद्यांवरून दोन भाग झाले. मोठ्या दिंडी दरवाजाची दोन फळकं होती, ती एकेकाला एक गेली. आता थोरल्याकडं उजवं फळक आहे, धाकट्याकडं डावं, आणि दोघांचीही दारं अर्धीच लागतात. पण छताला एकच तुळई, वीस फुटी, एकसंध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वाटणीची भिंत तिच्या पोटाखाली येऊन थांबली.

ही तुळई अख्खी विकली तर चांगला पैसा होतो, कारण लाकूड जितकं लांब तितका घनफुटाचा भावही चढा. मधोमध कापली तर दोन दहा-दहा फुटी तुकडे, भाव लगेच उतरतो. म्हणजे दोघांचं भलं होण्यासाठी दोघांचं एकमत व्हायला हवं. या अटीमुळं तुळईला कुणी हात लावू शकलं नाही, आणि वाडा पडायचा वाचला. व्यापारी दर वर्षी येतो. आधी थोरल्याकडं चहा, मग धाकट्याकडं. थोरला म्हणतो, "त्याचा अर्धा आधी काढून न्या, माझा मागनं." धाकटा म्हणतो, "आबांना विचारा, मी काय बोलत न्हाई." आबा म्हणजे थोरलाच. व्यापारी तुळईखाली उभा राहून टेप सोडतो, वीस फूट पुन्हा वीसच भरतात, आणि तो निघून जातो.

गेल्या वर्षी धाकट्यानं आपल्या बाजूला पीओपीचं छत करून घेतलं, म्हणजे तुळई दिसायला नको. हे कळल्यावर थोरल्यानं आपल्या बाजूला त्याच तुळईला पितळी कड्यांचा झोपाळा टांगला. आबा दुपारी जेवण झाल्यावर झोपाळ्यावर बसतात. लाकूड एकच असल्यामुळं आबांचा झोका धाकट्याच्या छतात पोचतो. त्याच्या ताटात पांढरा भुगा पडतो. धाकटा आधी भिंतीवर थापा मारायचा, मग त्यानं गावच्या तंटामुक्त समितीकडं रीतसर अर्ज दिला. 2007 पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आहे आणि या गावाला तिचं बक्षीसही मिळालेलं आहे, त्यामुळं प्रकरण नाजूक.

समिती पाहणीला आली. आधी धाकट्याच्या घरात बसून ताटातला भुगा बघितला, मग थोरल्याकडं आली. अध्यक्षांनी तुळई बघितली, बोटानं वाजवली, कोरीव काम बघितलं, असं लाकूड आता मिळत नाही असं म्हणाले. मग प्रत्यक्ष खात्री करून घ्यायची म्हणून झोपाळ्यावर बसले. पायानं हलकेच रेटा दिला. पलीकडून भिंतीवर थाप पडली. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले, निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला, आणि दुसरा रेटा जरा जोरात दिला.